कावीळ झालीय हे कळलं, पण कुठली?

मागच्या अंकात लिहिलं होतं की लिव्हरबद्दल जे विचारायचं ते विचारा, आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. वाचून एक गोष्ट लक्षात आली, बहुतेकांचं पत्र ‘कावीळ झालीय, खायला काय देऊ’ इथेच संपतं. कावीळ कशामुळे झालीय हे विचारणारे फार थोडे. पथ्याचं बघू हो नंतर, आधी कोण घरात शिरलंय ते तर बघा.

थोडक्यात सांगतो म्हणजे पुढची उत्तरं समजायला सोपी जातील. हेपेटायटीस म्हणजे लिव्हरची सूज, कावीळ हे तिचं लक्षण. तिचे मुख्य व्हायरस पाच, ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई पोटातून येतात, दूषित पाणी, दूषित अन्न, न धुतलेले हात. बी, सी आणि डी रक्तातून, बी तर शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही. ए आणि ई गाजावाजा करत येतात आणि बहुतेकदा निघून जातात. बी आणि सी कधी आले ते कळतही नाही आणि ठाण मांडून बसतात. डी एकटा येऊच शकत नाही, त्याला बी लागतोच.

पत्रं जरा कापून छापतोय, आणि नावं कुणाचीच नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मिस्टरांना आठवडाभर बारीक ताप होता, अंग मोडून आलेलं, जेवण समोर आलं की मळमळायचं. एरवी सिगारेट सुटत नाही पण तीसुद्धा नको म्हणाले. परवा लघवी एकदम गडद झाली, काल डोळे पिवळे, आणि ताप मात्र गेला! बिलीरुबिन ६.२ आणि एसजीपीटी १४०० आलंय, सासूबाई रिपोर्ट बघून रडायलाच लागल्या. घरात दोन लहान मुलं आहेत, यांची भांडी वेगळी करू का? आणि डॉक्टरांनी औषध जवळजवळ काहीच दिलं नाही, आराम करा म्हणाले, हे बरोबर आहे का?

उत्तर: ताई, तुम्ही लक्षणं ज्या क्रमाने लिहिलीत तो क्रम अगदी पुस्तकातला आहे. आधी ताप, थकवा, भूक मरणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जड जड वाटणं, आणि सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेटचीच शिसारी येणं. या टप्प्यावर सगळ्यांना ॲसिडिटी किंवा साधा व्हायरल ताप वाटतो आणि त्यात कुणाची चूक नाही, डोळे पांढरेच असतात ना. मग रक्तात बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढतं, किडनी ते बाहेर टाकायला लागते आणि लघवी गडद होते. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला बिलीरुबिन साधारण अडीच-तीनच्या वर जावं लागतं, म्हणून लघवी आधी सांगते आणि डोळे मागून. काहींची शौच फिकट, मातकट होते, काहींना अंगभर खाज सुटते. आणि डोळे पिवळे झाले की ताप उतरतो, जरा हुशारी वाटते, हेही नेहमीचंच.

आता १४०० चं. नॉर्मल साधारण ४० पर्यंत धरतात त्यामुळे आकडा बघून कुणालाही धडकी भरणार. पण एसजीपीटी फक्त एवढंच सांगतं की लिव्हरच्या पेशींना इजा झालीय आणि त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात सांडलंय. लिव्हर काम किती करतंय ते त्यातून कळत नाही. ते कळतं पीटी-आयएनआर नावाच्या टेस्टमधून, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून, कारण रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं लिव्हरच बनवतं. तुमच्या पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ही टेस्ट नाहीये. उद्याच करून घ्या. एसजीपीटी १४०० आणि आयएनआर नॉर्मल असेल तर मी निवांत असतो, एसजीपीटी झपाट्याने उतरतंय पण आयएनआर आणि बिलीरुबिन चढतंय हे दिसलं की माझी झोप उडते, कारण तेव्हा इजा व्हायला पेशीच शिल्लक राहत नसतात.

दुसरं म्हणजे कुठला व्हायरस ते शोधायला सांगा. ए साठी आणि ई साठी आयजीएम अँटीबॉडी (शरीराने व्हायरसविरुद्ध नुकतीच बनवलेली प्रथिनं), बी साठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी आयजीएम, सी साठी अँटी-एचसीव्ही. एकदाच रक्त द्यायचंय. आणि गेल्या काही आठवड्यांत कुठली गोळी, बॉडीबिल्डिंगची पावडर, झाडपाल्याचं औषध घेतलं होतं का तेही डॉक्टरांना सांगा, औषधांनी होणारी लिव्हरची सूज हुबेहूब अशीच दिसते.

भांडी. समजा हा ए निघाला, आणि वर्णनावरून तसं वाटतंय, तर व्हायरस शौचातून सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत, आणि कावीळ दिसल्यावर आठवड्याभरात बऱ्यापैकी ओसरतो. म्हणजे भांडी वेगळी करायची आठवण येते तेव्हा मुख्य धोका होऊन गेलेला असतो. नेहमीसारखी साबणाने घासलेली भांडी चालतील. खरं लक्ष टॉयलेटवर आणि हातांवर द्या, शौचानंतर साबणाने नीट हात, आणि आठवडाभर तरी मिस्टरांनी घरच्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. मुलं एक वर्षाच्या वरची असतील आणि ए ची लस झालेली नसेल तर ती लगेच द्या, संपर्कापासून १४ दिवसांच्या आत दिली तर उपयोग होतो. मुलांना काही दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका, सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ए झाला तरी कावीळ दिसतच नाही, पण त्यांच्याकडून दुसऱ्याला होतो. मोठ्यांचं उलटं, ७० टक्क्यांहून जास्त लोक पिवळे होतातच.

औषध न देणारा डॉक्टर मला तरी आवडला. ए वर व्हायरस मारणारं औषध नाही, लागतही नाही, शरीर आपलं आपण निस्तरतं. साधारण दोन महिन्यांत बहुतेक जण बरे होतात, थोड्या लोकांत सहा महिन्यांच्या आत लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात, तेव्हा घाबरू नका, कायमचा आजार होत नाही. पथ्य म्हणाल तर जे पोटात टिकतं ते थोडं थोडं खायला द्या, मळमळ असेपर्यंत तेलकट नको वाटतं म्हणून नको, बाकी फिक्क्या जेवणाने लिव्हर लवकर बरं होतं असं काही नाही. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि कुणीतरी सांगितलेली ‘काविळीवरची पावडर’ तर अजिबात नाही, आधीच सुजलेल्या लिव्हरला अजून एक काम कशाला.

आणि हे मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा: दिवसा झोपाळलेला आणि रात्री टक्क जागा, असंबद्ध बोलणं, हात थरथरणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाणीही न टिकणारी उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला न्यायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

प्रश्न: माझ्या जाऊबाई सात महिन्यांच्या गरोदर आहेत. चार दिवस उलट्या होतायत, आज डोळे पिवळसर वाटतायत. त्या म्हणतात गरोदरपणात होतं असं, पुढच्या चेकअपला सांगू. तुमचं मत?

उत्तर: पुढचा चेकअप नाही, आज. तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी उत्तर पाठवलंय, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी. हेपेटायटीस ई एरवी ए सारखाच येऊन जाणारा आजार, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो फार वेगळा वागतो, लिव्हर अचानक बंद पडू शकतं, आणि या काळात ई झालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याचं नोंदलेलं आहे. शिवाय कावीळ व्हायरसची नसली तरी या महिन्यांत लिव्हरचे गरोदरपणाचे म्हणून काही गंभीर आजार असतात, त्यात डिलिव्हरीचा निर्णय तासांत घ्यावा लागतो. सातव्या महिन्यातल्या उलट्या आणि पिवळे डोळे याला ‘होतं असं’ म्हणायचं नसतं.

प्रश्न: सर मी २७ वर्षांचा. रक्तदान केलं होतं, ब्लड बँकेतून फोन आला की एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना भेटा. मला काहीही त्रास नाही, जिमला जातो, दारू नाही, कधी कुणाशी संबंध नाहीत. चार महिन्यांनी लग्न आहे. दोन रात्री झोपलो नाहीये. मला हा कुठून आला? तिला सांगू का? लग्न मोडेल का? मुलं होतील का? ऑफिसमध्ये कळलं तर?

उत्तर: मित्रा, आधी झोप काढ. तुझ्यासारखे जगात थोडेथोडके नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२२ मध्ये साधारण २५ कोटी ४० लाख लोक हेपेटायटीस बी घेऊन जगत होते आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नव्हतं. तुला २७ व्या वर्षी कळलं, काही बिघडायच्या आत.

कुठून आला? तू स्वतःच्या वागण्यात शोधतोयस, पण उत्तर बहुतेक तुझ्या जन्माच्या आसपास आहे. बी चं गणित वयावर चालतं. मोठ्या माणसाला झाला तर त्याची प्रतिकारशक्ती जोरात लढते, कावीळ वगैरे होते, आणि ९५ टक्क्यांच्या वर लोक व्हायरसला हाकलून देतात. बाळाला जन्मताना झाला तर बाळाची प्रतिकारशक्ती भांडतच नाही, काही लक्षण नाही, काही नाही, आणि जवळपास ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. म्हणून आई, भावंडं, सगळ्यांची टेस्ट करून घे. आईला दोष द्यायला नाही हं, तिलाही तिच्या आईकडून आला असेल, पण तिच्या लिव्हरकडे आजवर कुणी बघितलंच नसेल. दुसरे मार्ग म्हणजे निर्जंतुक न केलेली सुई, जुनं ऑपरेशन किंवा दाताचं काम, घरातला सामायिक रेझर. हा व्हायरस शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो.

आता पुढच्या टेस्ट. एका रिपोर्टवर कुणीही शिक्का मारत नाही. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर तो क्रॉनिक, म्हणजे मुक्कामाला आलेला. दरम्यान एचबीव्ही डीएनए, एचबीईएजी, एसजीपीटी, पोटाची सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन, शिवाय डी, सी आणि एचआयव्ही. डीएनए म्हणजे व्हायरस किती आहे, फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय. हे सगळं बघून गोळी लगेच सुरू करायची की नुसतं लक्ष ठेवायचं ते ठरतं. गोळ्या म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज एक, व्हायरसला दाबून ठेवतात पण मुळापासून काढत नाहीत, त्यामुळे सुरू झाल्या की बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, तसं केल्याने लिव्हर एकदम भडकल्याच्या केसेस आम्ही बघतो. आणि एक वाक्य पाठ कर, पुढे कधीही कुठल्याही आजारासाठी स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगायचं, ‘मला हेपेटायटीस बी आहे.’ झोपलेला व्हायरस अशा औषधांनी उठतो.

‘तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काही करायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जुनी समजूत आहे ती. बी मध्ये सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होऊन आकसणं) न होताही लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी रक्त तपासणं आलंच, आणि ज्यांचा धोका जास्त त्यांची सोनोग्राफीही.

तिला सांग. लग्नाआधी सांग, आणि रिपोर्ट घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा म्हणजे तिला जे कळेल ते इंटरनेटवरून नाही तर समोरासमोर कळेल. तिच्या तीन टेस्ट करायच्या, एचबीएसएजी (व्हायरस आत्ता आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का), अँटी-एचबीसी (कधी येऊन गेला का). संरक्षण आधीच असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर लस, पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० च्या वर आहे ना ते बघायचं. तुमचं लग्न चार महिन्यांवर आहे म्हणजे तोवर कोर्स पुरा होणार नाही, तेव्हा तो रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम. मग सोडा. मुलं होतील, अगदी नॉर्मल. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत बी ची लस मिळायला हवी, ती तशीही प्रत्येक बाळाला मिळायला हवी. (आई पॉझिटिव्ह असते तेव्हा गोष्ट वेगळी, तेव्हा लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शनही १२ तासांत देतात, आणि आईचा डीएनए जास्त असेल तर तिला शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर. हे नीट पाळलं तर बहुतेक बाळांना बी होत नाही.)

ऑफिसला सांगायची गरज नाही. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने हा पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र स्वतःचं वेगळं, जखम झाली तर झाकून ठेव, आणि रक्तदान आता कायमचं बंद. दारू पीत नाहीस ते उत्तम, तसाच राहा. ए ची लस झालेली नसेल तर घेऊन टाक, आधीच एक पाहुणा असलेल्या लिव्हरला दुसरा नको.

प्रश्न: वय ६१, रिटायर्ड. १९८६ साली अपघातात रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या होत्या. त्यानंतर ठणठणीत. मुलगी मागे लागलीय की हेपेटायटीस सी ची टेस्ट करा. मला कावीळ आयुष्यात कधी झाली नाही, काही त्रास नाही, मग उगाच सुया का टोचून घ्यायच्या?

उत्तर: काका, मुलीचं ऐका. १९८६ मध्ये रक्तपेढीने कितीही काळजी घेतली असती तरी सी शोधता आला नसता, कारण हा व्हायरस ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. तोवर डॉक्टर लोक त्याला ‘नॉन-ए नॉन-बी’ म्हणायचे, म्हणजे काय आहे ते माहीत नाही पण हे दोन नाहीत. या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. रक्ताची सी साठी तपासणी सुरू झाली ती त्या शोधानंतरच, त्यामुळे त्याआधी रक्त चढलेला प्रत्येक माणूस धोक्याच्या यादीत येतो, तुम्हीसुद्धा.

‘त्रास नाही’ हे सी च्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही. संसर्ग झाल्यावर साधारण ८० टक्के लोकांना कुठलंच लक्षण नसतं. तीसेक टक्के लोकांमध्ये तो सहा महिन्यांत आपोआप जातो, बाकीच्यांमध्ये राहतो, आणि राहिलेल्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांना वीसेक वर्षांत सिरोसिस. या वीस वर्षांत माणूस काय सांगतो? थोडं थकायला होतं, वय झालं आता. बस. मग एक दिवस पाय सुजतात, पोटात पाणी होतं, शौच डांबरासारखी काळी होते किंवा रक्ताची उलटी होते, आणि घरचे म्हणतात काल परवापर्यंत चांगले होते हो. म्हणून सी मध्ये लक्षणांची वाट बघायची नसते, धोका होता का एवढंच विचारायचं आणि टेस्ट करायची.

हाच नियम बाकी वाचकांनाही लागू. कधी डायलिसिस झालंय, एकच सुई अनेकांना वापरली जायची अशा ठिकाणी इंजेक्शनं घेतलीयत, ड्रग्जची सुई कुणाबरोबर वापरलीय (तीस वर्षांपूर्वी कॉलेजात एकदाच केलं असलं तरी), कुठेतरी स्वस्तात टॅटू काढलाय, आईला सी होता, एचआयव्ही आहे, किंवा एसजीपीटी वर्षानुवर्षं थोडंसं वाढलेलं आहे आणि कारण कुणालाच सापडत नाही, तर एकदा बी आणि सी दोन्ही तपासून टाका.

टेस्ट दोन टप्प्यांची. आधी अँटी-एचसीव्ही. निगेटिव्ह आली तर तुमच्या बाबतीत विषय संपला. पॉझिटिव्ह आली तरी लगेच खचू नका, अँटीबॉडी म्हणजे व्हायरस कधीतरी आला होता एवढंच, जखम भरली तरी व्रण राहतो तशी ती राहते. आता आहे की नाही ते एचसीव्ही आरएनए सांगते. असेल तर गोळ्या, बहुतेकांना ८ ते १२ आठवडे, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. पूर्ण म्हणजे पूर्ण, बी सारखं दाबून ठेवणं नाही. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, ताप, उदासी, केस गळणं, आणि इतकं सोसून निम्मे लोक तसेच राहायचे. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आताच्या गोळ्यांचं किती कौतुक वाटतं ते विचारू नका.

फक्त दोन गोष्टी. गोळ्या सुरू करायच्या आधी बी ची टेस्ट झालीच पाहिजे, कारण सी गेला की दबलेला बी कधी कधी उसळतो. आणि सिरोसिस आधीच झालेलं निघालं तर सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. शिवाय बरं झाल्यावर सी पुन्हा होऊ शकतो, त्याची लस अजून नाही.

प्रश्न: मित्रांबरोबर फिरायला गेलो होतो तिथे टॅटू काढला. नंतर लक्षात आलं त्याने सुई नवीन पाकिटातून काढलीच नव्हती. दहा दिवसांनी एचबीएसएजी आणि एचसीव्ही दोन्ही टेस्ट केल्या, निगेटिव्ह! सुटलो ना?

उत्तर: अजून नाही. दहा दिवसांत टेस्टमध्ये काही दिसायला फार लवकर आहे. एचबीएसएजी दिसायला सरासरी महिनाभर लागतो, कधी दोन महिनेही, आणि सी ची अँटीबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने. तुझा आत्ताचा निगेटिव्ह रिपोर्ट एवढंच सांगतो की टॅटूच्या आधी तुला हे नव्हते. तेही उपयोगाचं आहे म्हणा. आता सहा आठवड्यांनी सी ची आरएनए, आणि सहा महिन्यांनी बी, सी, एचआयव्ही तिन्ही पुन्हा. तोवर रक्तदान नाही, कंडोम वापर, आणि मध्ये कधी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ, गडद लघवी असं झालं तर आधीच ये. सांधे दुखणं आणि पुरळ हे बी चं कावीळ दिसायच्या आधीचं लक्षण असू शकतं आणि लोक भलत्याच डॉक्टरकडे फिरत बसतात.

बी ची लस घेतलेली नसेल तर आजच पहिला डोस घे. खरं तर त्याच दिवशी घ्यायला हवा होता. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांसाठी पण हेच, सुई टोचली की जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळत बसायचं नाही, आणि लस झालेली नसेल तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत. शिफ्ट संपल्यावर बघू असं म्हणणारे खूप आहेत.

आता छोटे छोटे प्रश्न, पटापट.

‘दारूचा थेंब घेत नाही, तरी लोक विचारतात किती पितोस.’ लोकांचं सोडा. बी किंवा सी ला दारू लागत नाही. दारूने आधीच्या आजाराचा वेग वाढतो हे मात्र खरं.

‘डास चावून बी होतो का?’ नाही.

‘लहानपणी कावीळ झाली होती, आता पुन्हा होणार नाही ना?’ तो ए असेल तर ए पुन्हा होणार नाही, संरक्षण आयुष्यभर टिकतं. पण बी, सी, ई आपापले वेगळे आहेत, एकाचा दुसऱ्याला धाक नाही.

‘बी ची लस घेतलीय, म्हणजे सगळ्या हेपेटायटीसपासून सुरक्षित?’ बी पासून, आणि बी नाही तर डी नाही म्हणून डी पासूनही. बाकी तिघांपासून नाही.

‘मला बी आहे, बाळाला अंगावर पाजू का?’ पाजा. बाळाला जन्मल्यावरची लस आणि इंजेक्शन मिळालं असेल तर बिनधास्त. सी असला तरी पाजता येतं, फक्त स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तर भरेपर्यंत थांबा.

प्रश्न: मी घरीच पार्लर चालवते. क्युटिकल कटर, थ्रेडिंग, मेन्सचं शेव्हिंगपण असतं. प्रत्येक कस्टमरनंतर सॅनिटायझरने पुसते. एकीने विचारलं याने कावीळ पसरत नाही ना, तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

उत्तर: तुमचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. नुसतं पुसून भागत नाही. कटरच्या सांध्यात डोळ्याला न दिसणारं रक्त अडकून सुकतं आणि बी त्यात दिवसच्या दिवस टिकतो, वरून सॅनिटायझर फिरवला की सुकलेल्या थराच्या आत तो पोचतच नाही. शेव्हिंगचं ब्लेड दर माणसाला नवीन, कस्टमरच्या समोर पाकीट फोडून, आणि वापरलेलं ब्लेड बंद जाड डब्यात. धातूचं प्रत्येक हत्यार आधी ब्रशने साबण-पाण्यात घासायचं, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, छोटं टेबलावरचं मिळतं. हत्यारांचे दोन-तीन सेट ठेवा म्हणजे एक आत असताना दुसरा हाताशी. कुणाला कापलंच तर ग्लोव्ह घालून दाबायचं, सांडलेलं रक्त टिपून जागा ब्लीचच्या पाण्याने पुसायची, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. आणि तुमची स्वतःची बी ची लस झालीय का ते पत्रात कुठे दिसलं नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या चिरलेल्या कातडीजवळ तुमचेच हात असतात.